ज्याचे नाव, त्याचेच आणखी नाव

डेरेक प्राइस हे नाव मी फार उशिरा वाचले. मूळचे इंग्लंडचे, पदार्थविज्ञानाचे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात गणित शिकवायला गेले. तिथे रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’चे १६६५ पासूनचे खंड आले होते, पण ग्रंथालयाची इमारतच तयार नव्हती. प्राइसनी ते खंड सरळ घरी नेले! (आमच्याकडे असते तर पेट्या कुलपातच राहिल्या असत्या.) दर दहा वर्षांची एक, अशा चळती भिंतीशी रचल्या आणि वाचत बसले. चळती कशा झपाट्याने उंच होत जातात, ते तिथेच त्यांच्या नजरेत भरले.

पुढे १९६५ साली त्यांनी वेगळाच हिशेब मांडला. एका शोधनिबंधात दुसऱ्याचा संदर्भ आला की दोघांत एक धागा जुळतो. मग प्रत्येक निबंधाच्या वाट्याला किती धागे येतात? मोजले तर काय, एखाद्या वर्षात सुमारे ३५ टक्के निबंधांची कोणी दखलच घेत नाही. ४९ टक्क्यांची एकदाच. सहा किंवा अधिक वेळा संदर्भ लाभणारे जेमतेम एक टक्का.

वर्गातल्या मुलांची उंची मोजा, बहुतेक सगळी सरासरीच्या जवळपास सापडतात. कोणी इतरांच्या दसपट उंच नसतो. धाग्यांचे तसे नाही. १९७६ साली प्राइसनी त्याचे गणित दिले: ज्याच्याकडे धागे जास्त, त्याच्याकडेच नवा धागा वळण्याचा संभव जास्त. गुणवत्ता लागतेच, पण सुरुवातीची थोडीशी आघाडीसुद्धा वाढत वाढत डोंगराएवढी होते.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्येच या प्रवृत्तीला बायबलमधल्या एका वचनावरून ‘मॅथ्यू परिणाम’ म्हटले होते. त्या लेखाला मोठा आधार होता हॅरिएट झुकरमन यांनी नोबेल विजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखतींचा. लेखावर नाव मात्र एकट्या मर्टन यांचे! तो दोघांच्या नावाने यायला हवा होता, हे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केले. १९९३ साली दोघांनी लग्न केले. लेखावर नाव आहे तेच राहिले.

प्राइस १९८३ साली गेले. १९९९ मध्ये बाराबाशी आणि रेका अल्बर्ट यांनी इंटरनेटवरच्या पानांच्या जोडण्या तपासल्या आणि तोच विचार स्वतंत्रपणे पुन्हा मांडला. आता हा विषय निघाला की बहुतेकांच्या तोंडी बाराबाशींचे नाव येते. प्राइस नंतर, कोणी आठवण करून दिली तर...