माळरानावरचे दहा खंड

चार पैसे मिळवून देणारे लिहावे, की मनापासून लिहावेसे वाटते ते लिहावे? शिक्षकांपैकी अनेकांना हा प्रश्न पडतो, आणि आम्हा संशोधकांनाही तो चुकलेला नाही. शोधनिबंधाला मानधन नसते, पण त्यातून बढती मिळू शकते. सर्वसामान्यांसाठी लिहिलेल्या लेखातून बहुधा यांपैकी काहीच हाती लागत नाही. मग माणसे असे लेखन का करतात आणि त्यातून काय निपजते? दक्षिण फ्रान्समधील एका शाळामास्तराचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

झाँ आंरी फाब्र यांचा जन्म १८२३ साली एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. ते प्राथमिक शिक्षक झाले आणि नोकरी सांभाळून स्वतःच्या अभ्यासावर पदव्या मिळवल्या. १८५३ पासून आव्हिन्यों या गावी ते भौतिकी व रसायन शिकवू लागले. वर्षाचा पगार १६०० फ्रँक, घरात खाणारी तोंडे अनेक. सुटीच्या दिवशी मात्र हे मास्तर एखाद्या उतारावर तासन् तास गांधीलमाश्यांची बिळे पाहत बसत.

त्या काळी एक कोडे चर्चेत होते. काही गांधीलमाश्या आपल्या अळ्यांसाठी बिळात भुंगेरे साठवून ठेवतात आणि ते कित्येक दिवस कुजत नाहीत. लेओं द्युफूर या ज्येष्ठ कीटकशास्त्रज्ञांचे मत असे, की माशी मेलेल्या भुंगेऱ्यात कुजण्यापासून वाचवणारा द्रव सोडत असावी. फाब्रनी दाखवले, की भुंगेरा मेलेलाच नसतो. माशी त्याच्या छातीतील चेतापेशींच्या गाठींवर नेमका डंख मारते, त्याचे पाय लुळे पडतात, पण प्राण शिल्लक राहतो. पडताळा म्हणून त्यांनी त्याच जागी अमोनियाचा थेंब टोचला, तर भुंगेरा तसाच लुळा पडला. हा निबंध १८५५ साली प्रसिद्ध झाला. डार्विननी १८५९ च्या आपल्या ग्रंथात फाब्र यांच्या निरीक्षणांचा उल्लेख केला.

मान मिळाला, पण पैसा मिळाला नाही. विद्यापीठात शिकवायचे तर घरचे उत्पन्न हवे, अशी तेव्हाची रीत होती. म्हणून फाब्रनी रसायनशास्त्राकडून पैसा मिळवायचे ठरवले. आपल्याकडच्या मंजिष्ठेची बहीण शोभेल अशी एक वनस्पती त्या भागात मोठ्या प्रमाणावर पिकत असे. तिच्या मुळांपासून तांबडा रंग काढतात. हा रंग शुद्ध स्वरूपात वेगळा करण्याच्या पद्धतीवर त्यांनी अनेक वर्षे खर्ची घातली. पद्धत साधलीही. तेवढ्यात १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी तोच रंग, म्हणजे अलिझारिन, डांबरातील एका संयुगापासून बनवला. थोड्याच वर्षांत त्या पिकाची बाजारपेठ बसली आणि फाब्र यांची आशाही मावळली.

पुढे आणखी एक संकट आले. शिक्षणमंत्री द्युरुई यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या मोफत सायंवर्गांत फाब्र शिकवत. तेथे मुलींसमोर त्यांनी फुलांतील फलधारणा समजावून सांगितली, म्हणून गावातील सनातनी मंडळी खवळली. राहते घर सोडावे लागले, आणि १८७० साली नोकरीही सुटली. स्थलांतरासाठी तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी पैसे उसने दिले.

आता पोटासाठी लेखणीच उरली होती. पॅरिसचे प्रकाशक दलाग्राव्ह यांच्यासाठी त्यांनी शालेय पुस्तके लिहिली. शेती, रसायन, आकाश, घरगुती विज्ञान अशा कितीतरी विषयांवरची ही पुस्तके चांगली खपली. त्या उत्पन्नातून १८७९ साली त्यांनी सेरिन्यां गावाजवळ एक घर आणि भोवतीची खडकाळ, काटेरी झुडपांची पडीक जमीन घेतली. शेतीला निकामी असलेली ही जमीन गांधीलमाश्यांच्या मात्र सोयीची होती. त्याच वर्षी ‘कीटकशास्त्रीय आठवणी’ या मालेचा पहिला खंड निघाला. दहावा निघाला १९०७ साली.

या दहा खंडांना बाजाराची घाई नव्हती, आणि त्याचा परिणाम त्यांच्या विज्ञानावरही झालेला दिसतो. शेणकिड्याचेच उदाहरण घ्या. तो शेणाचा गोळा ढकलत नेतो, त्यात अंडे असते अशी जुनी समजूत होती. पहिल्या खंडात फाब्रनी दाखवले, की हा गोळा केवळ खाण्यासाठी असतो. मग अंडे कोठे असते? त्याचे पक्के उत्तर १८९७ च्या पाचव्या खंडात आले. एका मेंढपाळ पोराच्या मदतीने जमिनीखाली नासपतीच्या आकाराचा गोळा सापडला, आणि अंडे त्याच्या निमुळत्या टोकात होते. एका प्रश्नासाठी पहिल्यापासून पाचव्या खंडापर्यंत थांबण्याची मुभा कोणता खपाऊ लेखक घेऊ शकेल? फसलेले प्रयोगही ते तपशिलाने लिहीत.

काही प्राध्यापकांना ही भाषा फार सोपी, म्हणून उथळ वाटे. फाब्र यांचे म्हणणे असे, की आपण विद्वानांसाठी लिहितो तसेच मुलांसाठीही लिहितो, त्यांना या विषयाची गोडी लागावी म्हणून. त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. उत्क्रांतीचा सिद्धान्त त्यांनी अखेरपर्यंत मानला नाही. तरीही डार्विननी पत्रातून सुचवलेला प्रयोग त्यांनी करून पाहिला. मातीची घरटी बांधणाऱ्या मधमाश्या डबीत घालून गरगर फिरवल्या आणि दूर नेऊन सोडल्या, तरी त्यांतल्या बऱ्याच घरी परतल्या.

या खंडांचा खप बेताचाच राहिला. पुढे अभ्यासक्रम बदलले, शालेय पुस्तके मागे पडली आणि म्हातारपणी पुन्हा ओढग्रस्तीचे दिवस आले. १९१० साली चाहत्यांनी सत्कार घडवून आणला तेव्हा कोठे देशाचे लक्ष त्यांच्याकडे गेले. १९१५ साली ते वारले.

यावरून पैशासाठी लिहिलेले सारे कमअस्सल, असा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. पाठ्यपुस्तके नसती तर ते माळरान मिळाले नसते, आणि दहा खंडही झाले नसते. फाब्रनी पोटाच्या लेखनातून आवडीच्या लेखनासाठी वेळ विकत घेतला, हे त्यांचे शहाणपण. पण त्यांची पाठ्यपुस्तके आज क्वचितच कोणी उघडत असेल, आणि ‘आठवणी’ मात्र दूर जपानमधील मुलेही वाचतात. कारण अभ्यासक्रम बदलला तरी शेणकिडा आपली चाल बदलत नाही.

शिक्षकांजवळ अशी सामग्री भरपूर असते. शाळेच्या भिंतीवरचे कुंभारणीचे घरटे, पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणारे किडे, एखाद्या विद्यार्थ्याने विचारलेला आणि आपल्याला न सुटलेला प्रश्न. यांवर लिहिण्यासाठी कोणी मानधन देणार नाही, पण कोणी मुदतही घालणार नाही. एक वही घ्यावी, तारीख टाकावी आणि जे दिसले तेवढेच लिहावे. फाब्र यांची सुरुवात याहून फारशी वेगळी नव्हती.