ऋण आणि राष्ट्राची भरभराट

येरमाळ्याकडील जुनीं माळवदाचीं घरें दगडमातीचीं. कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणें त्यांत एकेक खण वाढत जाई. सावकाराची पायरी चढावी लागे ती बियाण्यासाठीं, बैलासाठीं, फार तर लग्नकार्यासाठीं. मग ऋण काढून घर घेणें हेंच राष्ट्राच्या भरभराटीचें लक्षण कसें ठरलें?

आरंभ निराळा होता. १९१५ सालीं मुंबईस गांवदेवी येथें रावबहादुर तलमकी प्रभृतींनीं सारस्वत मंडळींची सहकारी गृहसंस्था काढिली. तींत घर संस्थेचें, सभासद तिचा भाडेकरी. पुढें १९७७ सालीं हसमुखभाई पारेख यांनीं एचडीएफसी स्थापून मध्यमवर्गीयास मासिक पगाराच्या भरंवशावर कर्ज देण्याची वाट पाडिली. गृहकर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरांत सूट मिळूं लागली. पै पै सांठवून घर बांधणाऱ्यास तशी सूट कोठली! घर उभें राहिलें कीं सिमेंट, लोखंड, मजुरी या सर्वांसच गति मिळते, हा त्यामागील हिशेब; तो खोटा नव्हे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील दगडमातीचीं घरें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. नवीं घरें मोठ्या अंशीं जागतिक बँकेच्या कर्जांतून उभीं राहिलीं. पण तें ऋण सरकारच्या नांवें होतें.

२०१५ सालच्या प्रधानमंत्री आवास योजनेंत शहरी कर्जदारास व्याजाची सवलत मिळाली. खेड्यांतील कुटुंबास २०१६ पासून सपाट प्रदेशांत १ लाख २० हजारांचें अनुदान, आणि इच्छा असल्यास बँकेचें ७० हजारांपर्यंत कर्ज. मात्र बँक हप्ता मागते दरमहा. येरमाळ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातीं पैसा येतो तो सोयाबीन बाजारांत गेल्यावर, आणि पाऊस झाला तर.