सिम कपाटात ठेवण्याचा सल्ला

आमच्या कात्रपमधून कुणी दुबई-मस्कतला नोकरीसाठी निघो, नाहीतर मुलाकडे सहा महिने अमेरिकेला. एक सल्ला हमखास मिळतो: इथलं प्रीपेड सिम काढून ठेव, उतरल्यावर तिथलं घे, बोलायला व्हॉट्सअ‍ॅप आहेच. पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. रोमिंगचे पॅक महाग पडतात, आणि इंटरनेटसाठी तिथलंच सिम घ्यावं हे मलाही मान्य आहे. (व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र फार विसंबू नये, अमिरातीत त्यावरून मेसेज जातो, कॉल लागत नाही.) माझा आक्षेप आहे तो ‘काढून ठेव’ला.

सिम फक्त बोलण्यापुरतं होतं, त्या काळातला हा सल्ला. आज बँक, आधार, प्राप्तिकराचं पोर्टल तुम्हाला ओळखतात ते त्या नंबरावरून. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या 2013 च्या नियमानुसार सलग 90 दिवस वापर नसेल तर कंपनी प्रीपेड नंबर बंद करू शकते. ‘पण 20 रुपये बॅलन्स असला की नंबर टिकतो,’ असं जाणकार सांगतात. टिकतो खरा, दर 30 दिवसांना 20 रुपये कापून घेण्याची सोय त्याच नियमात आहे. पण नंबर टिकणं वेगळं आणि त्यावर ओटीपी येणं वेगळं. प्लॅन संपला की इनकमिंगही थांबतं. बंद झालेला नंबर निदान 90 दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असं ट्रायने 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. त्यानंतर तो परक्याच्या हाती जाऊ शकतो.

यावरचा घरगुती तोडगा म्हणजे सिम जुन्या फोनात घालून आईकडे ठेवायचं. मुलगा तिकडून विचारतो, आई चष्मा शोधून सहा आकडे वाचते, तोवर ओटीपीची मुदत संपते, पुन्हा पाठव. हा गोंधळ एक वेळ चालेल. पण फोनवर विचारलं की ओटीपी सांगायचा, ही सवय आपणच आईला लावतो आहोत. ठगाला आणखी काय हवं? शिवाय यूपीआयची नोंदणी फोनमधल्या सिमवरूनच होते. मुलाने तिकडे फोन बदलला की कात्रपमधलं सिम त्याच्या काय कामाचं?

2023 पासून दहा देशांतल्या नंबरांना यूपीआय खुलं झालं, असंही सांगतात. ते अनिवासी भारतीयांच्या एनआरई-एनआरओ खात्यांसाठी. सहा महिन्यांसाठी गेलेल्या आजीच्या बचत खात्याला त्याचा उपयोग नाही. आणि ‘मग पोस्टपेड करा’ म्हणणाऱ्यांनी चुकून चालू राहिलेल्या डेटा रोमिंगचं बिल एकदा पाहावं. प्रीपेडमध्ये फार तर बॅलन्स जातो.

तेव्हा सिम सोबत न्या, दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवा. ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये फक्त कॉल-एसएमएसचे पॅक सक्तीचे केले आणि मुदतीची मर्यादा 365 दिवसांवर नेली. परतीपर्यंत पुरेल असा पॅक मारा. इंटरनॅशनल रोमिंग इथूनच चालू करून घ्या, डेटा रोमिंग बंद ठेवा. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, उचललेल्या कॉलला पडतात. आणि निघायच्या आदल्या दिवशी सिम बदलून किंवा ई-सिम करून घेऊ नका: बदललेल्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस बंद असतात.