मनाला सांगायच्या वाक्याची कुळकथा

दरवर्षी 4 मार्चला सकाळी रबाळे एमआयडीसीतल्या कितीतरी कारखान्यांच्या आवारात पहिल्या पाळीचे कामगार रांगेत उभे राहतात. डोक्यावर हेल्मेट, पायात सेफ्टी शूज, उजवा हात समोर. सेफ्टी ऑफिसर शपथेचा एकेक तुकडा माइकवरून सांगतो आणि सगळे तो मोठ्याने मागून म्हणतात. नियम पाळीन, स्वतःला आणि सोबत्याला जपेन, असा तिचा आशय. 4 मार्च 1966 रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. तिचं मुख्यालय रबाळ्यापासून फार लांब नाही, इथेच सीबीडी बेलापूरला आहे. 1972 पासून हा दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो.

पाळी संपवून ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये बसलेल्या त्याच कामगाराच्या मोबाइलवर दुसऱ्या जातीची वाक्यं येतात. मी यशस्वी आहे, मी समर्थ आहे, सगळं माझ्या मनासारखं होत आहे. रोज सकाळी एवढं म्हणा, विचार बदलतील, असं त्यांच्यासोबत सांगितलेलं असतं. मनाला वाक्य पढवण्याच्या या रिवाजाचं कूळ शोधू लागलं, की एक वाट फ्रान्समधल्या औषधाच्या दुकानात पोचते आणि दुसरी आपल्याच घरातल्या संध्याकाळच्या परवचापाशी.

औषधाचं दुकान होतं एमिल कुए यांचं. 1857 साली त्र्वा या गावी जन्मलेले कुए पेशाने औषधविक्रेते. औषधाची पुडी देताना चार चांगले शब्द बोललं, तर तेच औषध गिऱ्हाइकाला जास्त मानवतं, हे त्यांनी हेरलं. पुढे नान्सी शहरात राहून त्यांनी स्वयंसूचनेची पद्धत बसवली. दिवसेंदिवस मी सर्व बाजूंनी अधिकाधिक बरा होत आहे, अशा अर्थाचं एकच वाक्य. सकाळी जाग आल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी, डोळे मिटून, आपल्याच कानाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते 20 वेळा म्हणायचं. मोजण्यात मन गुंतू नये म्हणून त्यांनी 20 गाठी मारलेली दोरी वापरायला सांगितली. जपमाळ ओढणाऱ्या आपल्या आजीला ही युक्ती वेगळी समजावून सांगावी लागली नसती.

इच्छा आणि कल्पना यांची झुंज लागली तर जिंकते कल्पनाच, असं कुए म्हणत. जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून कुणीही सहज चालतो. तीच फळी दोन मनोऱ्यांच्या मध्ये टाकली, की पडण्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं आणि पाय लटपटतात. म्हणून आधी कल्पनेला वळण लावा, हा त्यांचा आग्रह. 1923 साली त्यांनी अमेरिकेचा दौरा केला, गर्दी लोटली. 1926 मध्ये ते वारले, पण वाक्य तिथे रुजलं होतं. 1952 साली नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचं सकारात्मक विचारांवरचं पुस्तक आलं आणि त्या वाक्याचा वंश जगभर पसरला. आज मोबाइलवर दिसणारी वाक्यं याच घराण्याच्या पुढच्या पिढ्या.

आपल्याकडची शाखा याहून बरीच जुनी. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी 205 मनाचे श्लोक रचले. वृत्त भुजंगप्रयात, चरणात 12 अक्षरं, एक लघू आणि दोन गुरू यांची चार आवर्तनं. चाल इतकी सोपी, की अक्षरओळख नसलेलं मूलही चार दिवसांत डोलत म्हणू लागतं. शाळेत, तालमीत, देवघरात पिढ्यान्‌पिढ्या हे पाठांतर झालं. त्यात स्वतःची वाहवा नाही. मनाला हाक मारून, त्याला सज्जन समजून, काय धरावं आणि काय सोडावं हे समजुतीने सांगितलेलं आहे. बोलणारा थोडा बाजूला उभा राहतो आणि आपल्याच मनाशी घरातल्या वडीलधाऱ्याच्या मायेने बोलतो.

असं बाजूला उभं राहणं किती मोलाचं आहे, हे अलीकडच्या संशोधनातून दिसलं. 2009 मध्ये कॅनडातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. घंटी वाजली की ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’, असं मनाशी म्हणायचं. ज्यांना स्वतःबद्दल आधीपासून बरं वाटत होतं त्यांना किंचित लाभ झाला. ज्यांना स्वतःची किंमत वाटत नव्हती, त्यांचं मन उलट आणखी खट्टू झालं. वाक्य उच्चारताच आतून ‘खोटं!’ असा आवाज येत असेल, तर उजळणीने तो आवाजच बळावतो. 2014 मध्ये मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस आणि सहकारी यांना आढळलं, की कसोटीच्या प्रसंगी ‘मी’ न म्हणता स्वतःला नावाने किंवा ‘तू’ म्हणून समजावणाऱ्यांची घालमेल कमी होते आणि कामही सुधारतं. मनाला हाक मारायची समर्थांची रीत याच जातीची.

तिसरी शाखा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. 1955 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली. मन दुखावतं ते घटनेपेक्षा त्या घटनेविषयी आपण मनात घोळवलेल्या वाक्यांनी, हा तिचा पाया. ‘मला हे जमलंच पाहिजे’ हे वाक्य आधी तपासायचं, खोडायचं आणि त्याच्या जागी खरं ठरेल असं वाक्य ठेवायचं: ‘जमलं तर उत्तम, नाही जमलं तर वाईट वाटेल, पण मी कोसळणार नाही.’ मग तेही जोर देऊन, पुन्हा पुन्हा म्हणायचं. उजळणी इथेही आहे, पण उलटतपासणीनंतर. कि. मो. फडके यांनी हा विचार मराठीत आणला आणि आयुष्यभर शिकवला. 1990 साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी आयपीएच ही संस्था काढली. तिथेही हा विचार मुरला. रबाळ्याहून ठाणे लोकलने काही मिनिटांवर.

ही तिन्ही घराणी शेजारी ठेवली की माझं मत पक्कं होतं. नुसती स्वतःची थोरवी घोकून मन बदलत नाही. मनाला पटेल इतकं खरं आणि हातून होईल इतकं नेमकं वाक्य असलं, तरच उजळणी कामी येते. रबाळ्यातल्या त्या शपथेचं बळही यातच आहे. मी सुरक्षित आहे, असं ती म्हणत नाही. मी अमुक करीन, असं म्हणते, आणि चार पावलांवर मशीन उभं असतं. वर्षातून एकदा म्हणून मात्र भागत नाही. रोज मशीनला हात लावण्यापूर्वी गार्ड जागेवर आहे का, हे स्वतःला विचारलं, तर शपथ सवय होते.

तेव्हा वाक्य जरूर म्हणा, पण निवडून. ‘मी हुशार आहे’ असं घोकणाऱ्या आयटीआयच्या पोराने स्वतःला नावाने हाक मारून सांगावं, ‘कालचं गणित अडलं होतं, आज तेवढं एक सोडव.’ ते सुटलं की उद्याच्या वाक्याला आपोआप वजन येतं. आणि मन इतकं खचलं असेल की कुठलंच वाक्य आत शिरत नाही, तर स्वतःला दोष देऊ नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. अशा वेळी मदत मागणं हेच करण्याजोगं पहिलं काम.