महाडच्या बंगल्यातले शंभर जण

दर २० मार्चला आपल्याकडं महाडवर भाषणं होतात. तळं, ओंजळ, पाणी. टाळ्या. पण त्याच दिवशी पाणी प्याल्यावर पुढं काय झालं ते कुणी नीट सांगत नाही. कारण त्यात आपण मार खाल्लाय. मार खाल्ल्याचा इतिहास सांगायला जीभ जड होते. मला तर दोस्तांनो, ती दुपार तळ्याइतकीच मोठी वाटते. म्हणून रिंग फ्रेमवर पाळी भरून आल्यावर रात्री हे लिहायला बसलोय.

१९२७ साल. १९ आणि २० मार्चला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी लोक चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले, मांडवात परत आले. कोण जेवत होतं, कोण गावाकडं निघायला गाठोडं बांधत होतं. तेवढ्यात गावात आवई उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. तसा बेत नव्हता. पण ज्याला मारायचंच आहे त्याला बेत कशाला लागतो? काठ्या घेऊन माणसं मांडवावर चालून आली. अन्न मातीत कालवलं. एकेकट्याला गाठून झोडपलं. काहींना मुसलमानांच्या घरात आसरा मिळाला.

बाबासाहेब सरकारी बंगल्यात उतरले होते. अधिकारी आले, म्हणाले, तुमची माणसं आवरा. तुम्ही त्यांना आवरा, मी माझ्यांना आवरतो, असा बाबासाहेबांचा जवाब. मग दोन-तीन जणांना घेऊन ते स्वतः रस्त्यावर गेले आणि त्या जमावात उभे राहून सांगितलं की देवळात जायचं आमच्या मनातही नाही.

परत आले तर बंगल्यावर शंभरेक माणसं वाट बघत उभी. त्यात कितीतरी पहिल्या महायुद्धात नोकरी केलेली. महारांची लष्करभरती इंग्रजानं १८९०च्या दशकात बंद केली होती. लढाईत माणूस कमी पडला तेव्हा १९१७ला १११वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरली तशी १९२१ला मोडली. म्हणजे ही माणसं हाणामारीला नवखी नव्हती. हुकूम काय असतो ते त्यांना ठाऊक होतं. एका शब्दाची खोटी होती. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही.

ह्याला कुणी भित्रेपणा म्हणेल. म्हणो बापडा. मी आपला हिशेब मांडतो. महाडात शंभर होते, पण वाटेवर? परिषदेचे लोक पायी, एकटेदुकटे गावी निघालेले. आणि गावोगाव निरोप गेले होते की परतणाऱ्यांना झोडा. गावात बायापोरं, चार घरांचा महारवाडा. शंभर जणांनी महाडचा रस्ता जिंकलाही असता, पण त्याची फेड ह्या चार घरांकडून घेतली गेली असती. दुसरं, केस. फुटलेली डोकी एका बाजूला, काठ्या दुसऱ्या बाजूला, असं चित्र कोर्टापुढं स्वच्छ राहिलं. ६ जून १९२७ला पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी लागली. आपल्या काठ्या उठल्या असत्या तर ‘दोन गटांत हाणामारी’ झाली असती. हे शब्द आपण पेपरात अजून वाचतोच.

वरळीची गोष्ट वेगळी. ५ जानेवारी १९७४ला बीडीडी चाळींत पँथरच्या सभेवर दगड आले, आणि तिथून पेटलेली दंगल कित्येक दिवस विझली नाही. १० जानेवारीच्या मोर्चावर पुन्हा दगड. त्यात भागवत जाधव शहीद झाले. स्वतःच्या दारात दगड पडताना जी पोरं उभी राहिली त्यांना घरात बसून शहाणपण मी शिकवणार नाही. दारात आलेल्याला अडवणं ही मारामारी नव्हेच.

कायदाही तेच म्हणतो. जुन्या दंडसंहितेत कलम ९६ ते १०६, आणि १ जुलै २०२४पासूनच्या न्याय संहितेत ३४ ते ४४, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही अंगाचा बचाव करायचा हक्क देतात. पण बचावाला लागेल तेवढंच. समोरचा पळाला आणि तुम्ही मागं लागून हाणलं की बचाव संपला. पाच जण मिळून ठरवून मारायला गेले तर तो बेकायदा जमाव, मग तुमचा हात लागो न लागो. अन् मोबाईलवरनं ‘ये चौकात’ म्हणून जे चालतं ना, त्यात बचाव कुठला आला? एक ठोसा बसतो, माणूस मागं पडतो, डोकं सिमेंटच्या कडेला आपटतं. खेळ खल्लास. मेलेला परत येत नाही आणि मारणाऱ्याचं आयुष्य तारखांवर जातं. आमच्या वस्तीतला एक पोरगा पोलीस भरतीत सोळाशे मीटर बेफाम पळाला, लेखीही काढली. चारित्र्य पडताळणीत नाक्यावरची जुनी केस निघाली. आता वॉचमनकी करतो. अशी केस झाली की ज्यांना आपण वर यायला नकोय, त्यांना हात उचलायचीही गरज पडत नाही.

महाडचे लोक काही मार खाऊन गप्प बसले नाहीत. डिसेंबरात पुन्हा आले, २५ तारखेला मनुस्मृती जाळली. तळ्यावर जायला कोर्टाची मनाई आलेली, तरी हजारो सत्याग्रही नाव नोंदवून तयार होते. बाबासाहेबांनी पुन्हा थांबवलं. मिरवणूक तळ्याला वळसा घालून मांडवात परतली, पाण्याला कुणी हात लावला नाही. मग दहा वर्षं कोर्टात झगडले. १७ मार्च १९३७ला मुंबई हायकोर्टाचा निकाल आला, तळं खुलं.