कार्लेखिंडीतली रोडस्टर

मालवणच्या किनाऱ्यावर आता लाकडी होड्यांच्या शेजारी फायबरच्या होड्याही ओढून ठेवलेल्या दिसतात. साच्याला मेण, त्यावर काचतंतूंची चटई, मग रेझिन आणि वरून फिरणारा रोलर. हवेचा बुडबुडा आत राहिला, की ती जागा कच्चीच राहते. याच किनारपट्टीवर, वर अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत, याच कसबाने मोटारींच्या बॉड्या घडल्या.

ग्विडो आणि शमा बोथे यांच्या चिंकारा मोटर्सने तिथे ‘रोडस्टर १.८ एस’ हाताने बांधली. रूप कॉलिन चॅपमन यांच्या १९५७ च्या लोटस सेव्हनचं. बॉनेटखाली मात्र हिंदुस्थान मोटर्सच्या कॉन्टेसातलं १.८ लिटरचं इसुझू इंजिन. निवड शहाणपणाचीच होती, कारण आपल्या मेकॅनिकांचा हात त्या इंजिनावर बसलेला होता.

मूळ सेव्हन ब्रिटनमध्ये सुट्या भागांत विकली जाई, कारण तयार गाडीवर खरेदी कर लागे. १९७३ मध्ये लोटसने तिचे हक्क केटरहॅम कंपनीला विकले. पुढे जगभर तिच्या प्रतिकृती निघाल्या: नळ्यांचा सांगाडा आणि साधी बॉडी छोट्या कारखान्यालाही झेपते.

फायबरला गंज चढत नाही, पण आतल्या पोलादाला कोकणचा खारा वारा सोडत नाही. अशी गाडी घेणाऱ्याने रंग पाहण्याआधी खाली वाकून वेल्डिंगचे सांधे तपासावेत.