ताळा कोण पाहणार?

शाळेत असताना गुणाकार झाला की गुरुजी विचारायचे, "ताळा पाहिलास का?" उत्तर बरोबर आलं असलं तरी ताळा पाहिलेला नसेल तर गुण कापले जात. पुढे वाणिज्य शाखेत गेल्यावर रोजमेळ, खतावणी, तेरीज यांची ओळख झाली. तिथेही तोच शिरस्ता. आडवी बेरीज आणि उभी बेरीज जुळली की सुटका, नाहीतर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. हे आज आठवायचं कारण म्हणजे संगणकावरची स्प्रेडशीट, आणि तिच्या विद्यार्थ्यांसाठी भरणाऱ्या स्पर्धा.

स्प्रेडशीटचा जन्मच मुळी एका विद्यार्थ्याच्या वैतागातून झाला. १९७८ साली डॅन ब्रिकलिन हा तरुण हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडत. मधला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. ब्रिकलिनच्या मनात आलं, हा फळाच स्वतःहून हिशेब करू लागला तर? मित्र बॉब फ्रँकस्टनच्या मदतीने त्याने ती कल्पना उतरवली. १९७९ साली ॲपल टू या संगणकासाठी ‘व्हिजिकॅल्क’ बाजारात आलं. केवळ ते वापरता यावं म्हणून लोकांनी संगणक विकत घेतले. पुढे १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आलं, १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर ‘एक्सेल’ आलं आणि १९८७ मध्ये ते विंडोजवर पोचलं. आपल्याकडे एमएस-सीआयटीच्या निमित्ताने तालुक्याच्या गावातल्या मुलामुलींनीही ते रकाने पाहिले.

जिथे कौशल्य आलं तिथे स्पर्धा आलीच. मायक्रोसॉफ्ट ऑफिसवरच्या प्रभुत्वाची जागतिक स्पर्धा या शतकाच्या पहिल्या दशकापासून भरते. तिच्यात तेरा ते बावीस वर्षांची मुलं उतरतात. २०१२ ते २०१९ या काळात ‘मॉडेलऑफ’ नावाची आर्थिक गणितांची स्पर्धा होत असे. ती थांबल्यावर नव्या स्पर्धा उभ्या राहिल्या, त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीही वेगळी स्पर्धा आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तर अमेरिकेतल्या क्रीडा वाहिनीने एक्सेलचा सामना दाखवला. २०२३ ची अंतिम फेरी लास व्हेगासच्या रंगमंचावर, प्रेक्षकांसमोर झाली. दर पाच मिनिटांनी सर्वांत मागे असलेला खेळाडू बाद! सिडनीचे विमागणिती अँड्र्यू न्गाय २०२१ पासून सलग तीन वर्षं विजेते ठरले.

या स्पर्धांचे फायदे उघड आहेत. मोठा प्रश्न लहान तुकड्यांत फोडायची सवय लागते. हाताला वेग येतो. नोकरीच्या अर्जात एक ओळ वाढते. खेड्यातल्या मुलाला इंग्रजी संभाषण जमत नसलं तरी सूत्र जमतं, आणि सूत्राला उच्चार लागत नाही. हे सगळं मला मान्य आहे. पण एक प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात अशा स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. प्रश्न मी काढले होते, उत्तरंही मीच तयार केली होती. ग्रंथालयाच्या वर्गणीची सुमारे दोनशे ओळींची यादी दिली होती आणि एकूण रक्कम विचारली होती. बहुतेक मुलांनी काही सेकंदांत उत्तर दिलं, माझ्या उत्तराशी तंतोतंत जुळणारं. एक मुलगी मात्र बराच वेळ यादी खालीवर करत बसली. वेळ संपता संपता तिने जे उत्तर लिहिलं ते वेगळं होतं. मी फुली मारली.

निकालानंतर ती शांतपणे म्हणाली, "सर, तो एक आकडा डावीकडे चिकटलाय." मी पाहिलं. स्प्रेडशीटमध्ये संख्या उजव्या कडेला बसते आणि मजकूर डाव्या कडेला. जुन्या यादीतून उतरवताना एक रक्कम मजकूर म्हणून आली होती. बेरजेच्या सूत्राने ती मुकाट्याने वगळली होती. कोपऱ्यात इशाऱ्याचा छोटा हिरवा त्रिकोणही होता. घाईत तो कोणी पाहिला नाही, मीही नाही. सगळा वर्ग चुकला होता, परीक्षक चुकला होता आणि फुली बसली होती ती बरोबर उत्तरावर. तिचे गुण मी दुरुस्त केले, पण वेगाचे गुण गेले ते गेलेच. बक्षीस दुसऱ्याला मिळालं.

ही चूक ग्रंथालयाच्या वर्गणीपुरती होती म्हणून हसण्यावारी गेली. सगळ्याच चुका तशा जात नाहीत. २०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थतज्ज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्के दिसते, असं त्यात होतं. जगभर मंदी होती. खर्च कापा, असं म्हणणाऱ्या युरोप-अमेरिकेतल्या नेत्यांनी त्या निबंधाचा आधार घेतला. सरकारी खर्च कापला जातो म्हणजे कोणाची तरी नोकरी, कोणाचं तरी निवृत्तिवेतन कापलं जातं.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला गृहपाठ होता, एखादा प्रसिद्ध निबंध घेऊन त्यातलं गणित पुन्हा करून दाखवा. त्याला ते जुळेना. त्याने लेखकांकडेच मूळ स्प्रेडशीट मागितली आणि त्यांनी ती दिली. सरासरीचं सूत्र वीस देशांऐवजी पंधराच देशांवर थांबलं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश बाहेर राहिले होते. शिवाय काही वर्षांची आकडेवारी वगळली होती आणि सरासरी काढायची पद्धतही वादाची होती. किंबहुना मोठा फरक या दोन गोष्टींनीच पडला होता. सगळं दुरुस्त केल्यावर हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१३ मध्ये मांडलेला आकडा अधिक २.२ टक्के होता. मूळ लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली, मुख्य निष्कर्षावर मात्र ते ठाम राहिले.

तिसरं उदाहरण २०२० सालचं. इंग्लंडमध्ये करोनाचे १५,८४१ बाधित रुग्ण काही दिवस मोजणीतून गळाले, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना सूचना उशिरा गेल्या.

या तिन्ही प्रसंगांत कोणाचा हात मंद नव्हता. कमी पडली ती थांबून पाहणारी नजर. संगणकाने बेरीज बिनचूक केली, पण काय बेरीज करायचं हे सांगणारा माणूस चुकला. म्हणून स्पर्धा भराव्यात, जरूर भराव्यात, पण एक प्रश्न असा असावा की ज्यात मुद्दाम चूक पेरलेली आहे. ती शोधणाऱ्याला सर्वांत जास्त गुण द्यावेत. त्या दिवसापासून मी काढलेल्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेत असा एक प्रश्न असतो. पहिल्या वर्षी तो जेमतेम दोघांना सुटला, हल्ली बऱ्याच जणांना सुटतो.

ज्या यंत्राची कल्पना एका विद्यार्थ्याला सुचली, त्यातली गाजलेली चूकही एका विद्यार्थ्यानेच पकडली. आमचे गुरुजी असते तर त्यांनी हर्नडनची पाठ थोपटली असती आणि मला मात्र विचारलं असतं, "ताळा पाहिलास का?"

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)